पेशंट न घेता परत गेलेली अ‍ॅम्ब्युलन्स: विनिपेगचे सोळा दिवस

मुंबई ते विनिपेग, जाऊन-येऊन, माणशी एक लाख अठरा हजार. आप्पासाहेबांच्या डायबेटिससकट विमा, एकोणचाळीस हजार. व्हिसाच्या कागदांपायी पुण्याच्या दोन फेऱ्या. हे झालं पावतीवरचं. पावती न मिळालेला खर्च असा: एकतीस तास अंथरुणाला पाठ नाही, घोट्यापासून सुजलेले पाय, आणि घरी आल्यावर आठ दिवस पहाटे तीनला टक्क उघडे डोळे. तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल आणि मुलं कॅनडात बोलवत असतील, तर हा दुसरा हिशेब आधी करा.

मी मिरजेचा. धंदा अ‍ॅम्ब्युलन्सचा. पंचाण्णव साली एक जुनी मारुती व्हॅन घेतली, स्वतःच चालवली, आज सात गाड्या आहेत. मुलगी स्नेहल आणि जावई मकरंद विनिपेगला असतात. सतरा सालच्या उन्हाळ्यात त्यांनी घर घेतलं आणि ऑक्टोबरात वास्तुशांतीला दोन्हीकडच्या वडिलांना बोलावलं. आमच्या घरातून ही विमानात बसायला तयार नव्हती. मकरंदचे वडील, म्हणजे माझे व्याही आप्पासाहेब, साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक. एकटे, वय एकाहत्तर, दिवसातून दोनदा इन्शुलिन. स्नेहलने फोनवर एकच सांगितलं होतं, की पप्पा, आप्पांना नीट घेऊन या आणि नीट परत न्या. मी म्हटलं, अगं, बावीस वर्षं लोकांना पोचवतोय, तुझे सासरे मला जड आहेत होय.

मुंबईपर्यंतचा प्रवास आम्ही माझ्याच अ‍ॅम्ब्युलन्समधून केला. गाडी एका पेशंटला मुंबईहून आणायला रिकामीच चालली होती. आप्पासाहेबांना साताऱ्यात हायवेवर उचललं. आधी ते स्ट्रेचरकडे बघून संकोचले. खंडाळ्याला बघतो तर त्याच्यावर आडवे होऊन घोरत होते, पायातले बूट काढून खाली नीट जोडीने ठेवलेले. टोल नाक्यावरच्या पोऱ्याने आत डोकावून माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली करून विचारलं, सीरियस आहेत का? मी म्हटलं, मास्तर आहेत.

त्या गाडीच्या मागच्या दारावर, सातही गाड्यांच्या मागच्या दारांवर, मी लाल रंगात लिहून घेतलंय: "२२ वर्षे. एकही पेशंट वाटेत दगावला नाही." विमानतळावर उतरल्यावर आप्पासाहेबांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "वाक्य चांगलं आहे. खरं आहे का?" मी म्हटलं, कुणालाही विचारा. ते म्हणाले, मग आम्ही निर्धास्त.

फ्रँकफर्टला चार तास थांबून टोरोंटोला उतरलो. तिथं दोन मुक्काम टोरोंटोजवळ सरोवराकाठच्या व्हिटबीला, लुईसकडे. लुईस वसईचा. नव्वद साली आम्ही दोघं एकाच भाजीच्या टेम्पोवर होतो, तो ड्रायव्हर, मी क्लीनर. आता तो तिथं ट्रक चालवतो. बेसमेंटमधून त्याने आमच्यासाठी दोन जाडजूड कोट काढले. "बाळ्या, कोट घातल्याशिवाय ड्राइव्हवेवरसुद्धा जायचं नाय," तो म्हणाला. "थंडी इथं वॉर्निंग देत नाय." त्याची मुलं बापाने मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देत होती, आणि बाप त्यावर मराठीत शिव्या देत होता, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. आप्पासाहेबांनी त्या मुलांना पाढे म्हणता येतात का विचारलं. थोरली म्हणाली, आमच्याकडे फोन आहे. सरोवराच्या कडेला फिरायला गेलो, पण पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं आणि माझे डोळे मिटत होते. व्हिटबीबद्दल याहून जास्त मला सांगता येणार नाही. लुईसच्या बायकोने केलेलं माशाचं कालवण मात्र लक्षात आहे.

विनिपेग टोरोंटोहून विमानाने अडीच तास. गाव सपाट. इतकं सपाट की रस्त्याच्या टोकाला काहीतरी असेल म्हणून बघत राहावं आणि तिथं आभाळच असावं. ऑक्टोबरच्या मध्यात झाडं उघडी झाली होती. बसचं तिकीट पावणेतीन डॉलर, सुट्टे द्यावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत. इंडियन ग्रोसरीत सगळं मिळतं, कोल्हापुरी मसाला सोडून. तो इथून न्या. दोन नद्या मिळतात तिथं एक मोठा बाजार आहे, फोर्क्स म्हणतात. तिथं आप्पासाहेब बाकावर बसून राहिले आणि मी दोघांची कॉफी आणली. दोन दिवस आम्ही एवढंच केलं. झोप उडालेली, भूक भलत्या वेळी, आणि संध्याकाळी सहाला डोक्यात वाळू भरल्यासारखं. वास्तुशांती झाली. गुरुजी गुजराती होते, होम मेणबत्तीएवढा केला, कारण छताला धुराचा भोंगा बसवलेला.

रविवारी मकरंद आम्हाला गिमलीला घेऊन गेला. तासाभराचा रस्ता, सरळ उत्तरेला, वळण असं नाहीच. तिथलं सरोवर समुद्राएवढं आहे आणि त्यावरून जो वारा येतो तो कानातून शिरून दातांत बसतो. पिकरेल नावाचा मासा तळून देतात, अठरा डॉलरला मोठी थाळी, एकात दोघांचं भागतं. आप्पासाहेब शाकाहारी. त्यांनी नुसते बटाटे खाल्ले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही सुरू करा, माझं यायला वेळ आहे. तर ते हात मांडीवर ठेवून बसले. माझी थाळी टेबलावर आल्यावरच त्यांनी पहिला बटाटा उचलला. मला ते बरं वाटलं. व्याह्यांनी मान ठेवला की बरं वाटतंच. मीही घरी तसाच वागत होतो. ते पानावर बसल्याशिवाय मी बसत नव्हतो.

आता मंगळवारचं सांगतो. तुमच्यापैकी जे कुणी डायबेटिसवालं माणूस घेऊन जाणार असतील, त्यांनी हा भाग तरी नीट वाचावा.

मकरंद सातला ऑफिसला गेला, गाडी घेऊन. स्नेहल घरूनच काम करते. तिने साडेसातला पोहे केले, झाकून ठेवले, दोघं खाऊन घ्या असं सांगितलं आणि वरच्या खोलीत मीटिंगला बसली. आप्पासाहेबांनी सव्वासातलाच इन्शुलिन घेतलं होतं. घेतल्यावर अर्ध्या तासात खायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

मी बेसमेंटमधल्या खोलीत होतो. चारपासून जागा. माझे कान तिखट आहेत, गाडीच्या आवाजावरून कुठला टायर कमी आहे ते सांगतो. वर फळीवर पावलं वाजत होती, खिडकीपाशी जात, परत येत. मला वाटलं, स्तोत्र म्हणत फेऱ्या मारताहेत. पूजा आटपू दे, खुर्ची ओढल्याचा आवाज आला की जाऊ वर. उगाच आधी जाऊन बसलो तर त्यांना घाई होईल.

आणि ते वर, जिन्यावर माझी पावलं वाजायची वाट बघत होते. व्याही झोपलेत, रात्रभर जागे असतात, उठू देत बिचारे. त्यांच्याशिवाय कसं बसायचं.

असे आम्ही दोघं शहाणे, मध्ये एक लाकडी फळी, सव्वा तास एकमेकांचा मान राखत बसलो.

पावणेनऊला कप पडल्याचा आवाज आला. वर गेलो. आप्पासाहेब टेबलाला धरून उभे होते. सदरा भिजून अंगाला चिकटलेला. माझ्याकडे बघितलं पण मी दिसलो नाही. म्हणाले, "तिसऱ्या बाकावरचा, उभा राहा." मी उभाच होतो. मग ते खुर्चीवर कलले आणि तोंडाने नुसता घरघर आवाज यायला लागला.

माझ्या धंद्यात सकाळच्या वेळी म्हाताऱ्या माणसाला घाम म्हणजे हार्ट. डोक्यात दुसरं काही आलंच नाही. स्नेहलला हाक मारली, ती धावत आली आणि तिने ९११ लावला, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बाई, अगदी संथ. पत्ता विचारला, श्वास आहे का विचारलं, वय विचारलं. मदत निघाली आहे म्हणाली. दार उघडं ठेवा, तोंडात काही घालू नका, एका कुशीवर वळवून ठेवा, आणि हलवू नका.

मला राग आला. हलवू नका म्हणजे? न हलवता पोचणार कसा? शेजाऱ्याचा पिकअप समोर उभा होता. मी आप्पासाहेबांच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागलो. स्नेहल म्हणत होती, पप्पा, थांबा, त्या सांगताहेत ते ऐका. मी म्हटलं, "तू मला शिकवू नको. माझं बावीस वर्षांचं काम आहे हे." दारापर्यंत नेलं. उंबऱ्याच्या आधी दोन पायऱ्या आहेत, तिथं बूट काढलेले असतात. त्या बुटांवर माझा पाय घसरला आणि आम्ही दोघं खाली आलो. मी त्यांच्यावर नाही पडलो, एवढंच नशीब. त्यांचं कोपर सोललं. दार उघडं, बाहेर शून्याखाली, आणि माझे व्याही ओल्या सदऱ्यात पायपुसण्यावर.

घड्याळ बघायची मला सवय आहे. कॉल लावल्यापासून सहाव्या मिनिटाला आगीचा बंब दारात.

बंब येणार हे मला स्नेहलने आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे आश्चर्य त्याचं नाही. या गावात आग आणि अ‍ॅम्ब्युलन्स हे एकच खातं आहे. बंबावर चार माणसं, त्यातला किमान एक जण पॅरामेडिक. बंबाची ठाणी गावभर पसरलेली, म्हणून बहुतेकदा तोच आधी पोचतो, आणि अ‍ॅम्ब्युलन्स मागून येते. मला आश्चर्य वाटलं ते आल्यावर त्यांनी काय केलं याचं. त्यांनी उचललंच नाही.

एक तिशीतली बाई, ट्रेसी, बुटांच्या ढिगात गुडघे टेकून बसली. पहिला प्रश्न विचारला, डायबेटिस आहे का? स्नेहलने हो म्हटलं. दुसऱ्याने दार लावून घेतलं, अंगावर ब्लँकेट टाकलं. ट्रेसीने बोटाला सुई टोचली, छोट्या यंत्रावर आकडा आला, एक पॉइंट आठ. मला वाटलं यंत्र बिघडलंय, आमच्याकडे शंभर-दीडशे असे आकडे येतात. स्नेहल म्हणाली, इथलं माप वेगळं, अठराने गुणायचं. गुणलं. बत्तीस. हे तुम्हीही लक्षात ठेवा, तुमचं यंत्र आणि तिथलं यंत्र एक भाषा बोलत नाहीत.

मी मात्र हॉस्पिटल, हॉस्पिटल, गो, गो असं चालवलेलं. त्यांच्यातला कॅप्टन, पांढऱ्या मिशांचा, माझ्याकडे आला. मला वाटलं बाजूला करतोय. त्याने माझ्या हातात सलाइनसारखी एक पिशवी दिली आणि ती उंच धरायला सांगितली. ट्रेसीने तोवर शीर शोधली होती. पिशवीतलं ग्लुकोज नळीतून उतरायला लागलं. आणि मी, सात गाड्यांचा मालक, हात वर करून उभा राहिलो. नंतर कळलं की ती पिशवी धरायला त्यांच्याकडे माणूस होता. मला गप्प करायला दिली होती. असा मुकादम मला मिरजेत मिळाला तर दुप्पट पगार देईन.

चार-पाच मिनिटं गेली असतील. ती मला आयुष्यात सगळ्यात लांब वाटली, कारण गाडी पळत नव्हती. माझ्या सगळ्या धीराला चाकं लागतात. इथं सगळे जमिनीवर बसलेले, शांत, आणि आप्पासाहेबांचा चेहरा मेणासारखा. स्नेहल त्यांचा हात धरून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. यांना काही झालं तर या घरात मला पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, हे मला तिथं उभं राहून स्वच्छ कळलं.

मग आप्पासाहेबांच्या पापण्या हलल्या. त्यांनी छताकडे बघितलं, ट्रेसीकडे बघितलं, मग मान वळवून माझा हात वर गेलेला बघितला. आवाज खोल गेलेला.

"बाळासाहेब, तुम्ही खाल्लंत का?"

स्नेहल हसली आणि लगेच रडली. मी पिशवी आणखी वर धरली.

तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्स आली, दोघं जण. ट्रेसीने त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं: वय काय, सापडले कसे, आकडा काय होता, काय दिलं, आता आकडा काय. एक शब्द जास्त नाही. आमच्याकडे पेशंट उतरवताना ड्रायव्हर कॅज्युअल्टीत ओरडून सांगतो, "जतचा आहे." बास. डॉक्टर पुढचं नातेवाइकांना विचारतो आणि नातेवाईक परवापासून सांगायला सुरुवात करतात.

मग ट्रेसीने विचारलं, घरात खायला काय आहे? स्नेहलने झाकलेले पोहे आणले. गार झालेले. ट्रेसीने वास घेतला, हे काय आहे विचारलं, तांदूळ म्हटल्यावर म्हणाली उत्तम, खाऊ दे. आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. म्हटलं, आता तरी खा हो. माझ्या देखत, माझ्या आधी, त्यांनी पहिल्यांदा घास घेतला.

पुन्हा बोट टोचलं. आकडा चढला होता. त्यांनी आप्पासाहेबांनाच विचारलं, हॉस्पिटलला यायचं का? काय धोका आहे, काय नाही, सगळं समजावलं, स्नेहलने मकरंदला फोन लावून दिला, त्याने मराठीत पुन्हा सांगितलं. आप्पासाहेब म्हणाले, नको, मी बरा आहे. कोपरावर पट्टी बांधली, एका कागदावर त्यांची सही घेतली, दिवसभर कुणीतरी सोबत राहा, दोन तासांनी पुन्हा तपासा, पुन्हा काही वाटलं तर पुन्हा फोन करा, असं सांगून सहा माणसं आणि दोन गाड्या निघाल्या.

मी दारात उभा. माझ्या धंद्यात खाली परत गेलेली गाडी म्हणजे दिवस वाया. मी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला विचारलंच, म्हटलं, नेत नाही? तो म्हणाला, "त्यांना नाश्ता हवा होता, सर. तो झाला." बंब वळला, अ‍ॅम्ब्युलन्स वळली. आतलं स्ट्रेचर नीट आवरलेलं, चादरीला सुरकुती नव्हती.

त्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. आप्पासाहेब झोपले आणि मी त्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. स्नेहल संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा ठेवताना एकदाच म्हणाली, "पप्पा, त्या बाई सांगत होत्या ना, हलवू नका म्हणून." मी म्हटलं, हो.

गुरुवारी बेसनाचे लाडू घेऊन मी त्यांच्या ठाण्यावर गेलो. घरापासून चार गल्ल्या. चालत वीस मिनिटं लागली, वाऱ्यामुळे. तिथं कुणीही जाऊन दार वाजवू शकतं, आत घेतात. जाणार असाल तर नाश्त्याच्या वेळी जा, सकाळी माणसं भेटतात. कॅप्टनने ओळखलं, हात वर करून पिशवी धरल्याची नक्कल केली आणि सगळे हसले.

ट्रेसी टेबलाशी बसली होती. डोळ्यांखाली काळं. माझ्या ड्रायव्हरांचे डोळे असेच असतात, म्हणून ओळखीचं वाटलं. मी सांगितलं की माझाही हाच धंदा. मग तिने मला बंबाचा कप्पा उघडून दाखवला. होजपायपांच्या शेजारी श्वासाची पेटी, औषधांची बॅग, हृदयाला झटका द्यायचं यंत्र. आगी फार थोड्या असतात, ती म्हणाली, दिवसभर हेच चालतं. छातीत दुखलं, जिन्यावरून पडला, नशा जास्त झाली. काही घरी आठवड्यातून दोनदा जातो, त्या माणसाला नुसतं एकटं वाटत असतं, तरी बॅग घेऊन जातो. गुडघे गेलेत माझे, म्हणाली. जमिनीवर बसून बसून.

तिने विचारलं, तुमच्या गाडीत मागे पेशंटजवळ कोण असतं? मी म्हटलं, नातेवाईक. तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं, उपचार कोण करतं? मी म्हटलं, आम्ही फार वेगात नेतो. आणि मग, का कोण जाणे, मला ते दारावरचं वाक्य सांगावंसं वाटलं. इंग्रजीत जुळवून सांगितलं: बावीस वर्षं, गाडीत मृत्यू शून्य.

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने लाडू खाली ठेवला आणि म्हणाली, "शून्य? आज सकाळीच एक माणूस माझ्या हाताखाली गेला. चाळीस मिनिटं प्रयत्न केला, त्याच्या स्वयंपाकघरात." मग कॅप्टनकडे वळून तिने सांगितलं, या गृहस्थांनी बावीस वर्षांत एकही पेशंट गमावलेला नाही. कॅप्टनने कॉफीचा मग माझ्या दिशेने उचलला. टेबलावरच्या सगळ्यांनी उचलले. चेष्टा नव्हती. मनापासून होतं. मी मान तुकवून ते घेतलंही. मग भिंतीवरचा भोंगा वाजला, अर्धे लाडू तसेच टाकून ते गेले, आणि मी त्या रिकाम्या टेबलाशी बसून राहिलो. कोट अंगावरच होता. उठवेना.

पुढचे दिवस मी आणि आप्पासाहेबांनी घरातच काढले. एक नियम केला: सव्वासातला इन्शुलिन, पावणेआठला खायचं, दुसरा मेला का जगला बघायचं नाही. आप्पासाहेबांना पहिले दोन दिवस घास गिळवत नव्हता, मग सवय झाली. शेवटच्या सकाळी बर्फ पडला. मकरंद फावड्याने ड्राइव्हवे साफ करत होता, आम्ही खिडकीतून बघितलं आणि दोघांनीही बाहेर जाऊ का असं विचारलं नाही.

परतीच्या विमानात आप्पासाहेब झोपले. मी दर दोन तासांनी त्यांचं कपाळ बघत होतो, घाम नाही ना. त्यांना साताऱ्याला घरापर्यंत सोडलं, शेजारणीच्या ताब्यात दिलं. स्नेहलला फोन केला, म्हटलं, पोचवले. ती म्हणाली, "थँक यू, पप्पा," आणि थोडं थांबून, "तुम्ही पण झोपा आता."

झोप कुठली. चौथ्या दिवशी मिरजेत गाड्या लावतो तिथं गेलो. हणमंत गाडी धूत होता. माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर, सतरा वर्षं झाली. बादली उलटी करून त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, हणमंता, खरं सांग, वाटेत जाणारे किती असतील?

तो धुता धुता बोलला. माझ्याकडे बघितलं नाही. "मालक, जतवरनं निघालं की कवठ्याच्या पुढं कधी कधी हुंदका ऐकू येतो मागनं. आरशात बघितलं की कळतं. मी काय थांबत न्हाई. थांबून मी काय करणार? सायरन वाढवतो. दवाखान्यात डॉक्टर बघतो आणि लिहितो, आणताना मृत."

"किती वेळा झालं असेल?"

"मोजत न्हाई, मालक. तुम्ही कधी इचारलं न्हाईसा."

त्याने मागच्या दारावर पाणी मारलं. पंधरा दिवसांची धूळ गेली आणि लाल अक्षरं चकचकीत झाली.

मृत्यू डॉक्टरनेच जाहीर करायचा असतो. माझ्या सात गाड्यांत बावीस वर्षांत डॉक्टर कधी बसलेला नाही.